युटाचा स्टेट रूट २४: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॉल्ट लेक, डेन्व्हर किंवा लास व्हेगासहून कॅपिटल रीफ राष्ट्रीय उद्यानाला निघालेल्या मराठी मंडळींना या रस्त्याबद्दल पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. अंतरं मैलांत आहेत. एक मैल म्हणजे १.६ किलोमीटर.

हा रस्ता नेमका कुठून कुठे जातो?

सॅलिना गावाजवळ यूएस ५० वर तो सुरू होतो. ऑरोरा आणि सिगर्ड ही गावं घेत दक्षिणेला येतो, आय-७० या इंटरस्टेटला (राज्याराज्यांतून जाणारा मोठा महामार्ग) एक्झिट ४८ पाशी भेटतो आणि मग आठ हजार फुटांहून उंच अशा घाटमाथ्यावरून वेन काउंटीत उतरतो. तिथे लोआ, लायमन, बिकनेल आणि टोरी ही गावं एकामागोमाग लागतात. टोरीनंतर तो कॅपिटल रीफ राष्ट्रीय उद्यानातून, फ्रीमॉन्ट नदीच्या काठाने जातो. पुढे केनव्हिल आणि हँक्सव्हिल. हँक्सव्हिलला उत्तरेकडे वळतो आणि ग्रीन रिव्हर गावाच्या अलीकडे एक्झिट १४९ ला पुन्हा आय-७० ला मिळतो. एकूण सुमारे १६३ मैल.

म्हणजे तो एकाच इंटरस्टेटला दोन ठिकाणी भेटतो. नकाशात बघितलं तर धनुष्यासारखा दिसतो: आय-७० ही वर ताणलेली दोरी आणि २४ ही खालची कमान.

मग हा शॉर्टकट आहे का?

नाही, उलट लांबचा आहे. युटात एक्झिटचे क्रमांक मैलांवरून दिलेले असतात, त्यामुळे वजाबाकी केली की अंतर कळतं. आय-७० वरून एक्झिट ४८ ते १४९ म्हणजे १०१ मैल, आणि तिथे बऱ्याच भागात वेगमर्यादा ८०. म्हणजे सव्वा-दीड तास. त्याच दोन टोकांमध्ये २४ वरून दीडशेहून जास्त मैल पडतात आणि न थांबता पावणेतीन-तीन तास लागतात. फक्त डेन्व्हर गाठायचं असेल तर इंटरस्टेट सोडू नका.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. इंटरस्टेट ही बंद नळी आहे. त्यावर चढायला-उतरायला ठरलेल्या जागा आहेत, समोरून कोणी येत नाही, मध्ये शाळा नाही की फाटक नाही. २४ मात्र वेन काउंटीचा मुख्य रस्ता आहे. अडीच हजारांच्या आसपास वस्तीच्या या काउंटीत शाळेची बस, गवताच्या गठ्ठ्यांचा ट्रक, गुरं आणि तुमची भाड्याची एसयूव्ही, सगळे या दोनच लेनवर असतात. पुढच्या बहुतेक उत्तरांचं मूळ यातच आहे.

कोणत्या बाजूने शिरावं?

सॉल्ट लेकहून येत असाल तर आय-१५ ने दक्षिणेला या, सिपिओला एक्झिट १८८ घ्या, यूएस ५० ने सॅलिनाकडे या आणि तिथून २४ पकडा. मोआबहून येत असाल तर क्रेसेंट जंक्शनला आय-७० वर चढून पश्चिमेला एक्झिट १४९ ला उतरा. क्रेसेंट जंक्शन म्हणजे एक्झिट १८२, तेव्हा हा टप्पा ३३ मैलांचा. ब्राइसहून येणारे स्टेट रूट १२ ने थेट टोरीत उतरतात.

पाटीवर मधमाश्यांच्या पोळ्याची पांढरी आकृती आणि त्यात काळा आकडा दिसला की तो युटाचा राज्य रस्ता. लाल-निळी ढाल इंटरस्टेटची. बराच वेळ आकडा दिसला नाही तर वळण चुकलं असं समजा आणि पुढच्या रुंद जागी थांबून नकाशा बघा. सिगर्डच्या पुढे स्टेट रूट ११९ चा फाटा आहे, तिथे चुकून रिचफिल्डकडे निघून जाऊ नका.

पेट्रोल कुठे मिळतं?

लोआ-बिकनेल पट्ट्यात, टोरीत आणि हँक्सव्हिलमध्ये. टोरी ते हँक्सव्हिल ४८ मैलांत पंप नाही. हँक्सव्हिल ते एक्झिट १४९ हे ४४ मैल, आणि तिथून ग्रीन रिव्हरपर्यंत आणखी ११. त्या ५५ मैलांतही काही नाही. एक्झिट १४९ ला उतरलं की पंप असेलच, हा समज सगळ्यात महागात पडतो. तिथे एक पाटी, गुरांना अडवायला रस्त्यात बसवलेली जाळी आणि वारा एवढंच आहे. पश्चिमेकडून आय-७० नेच आला असाल तर परिस्थिती आणखी बिकट, कारण सॅलिना (एक्झिट ५६) ते ग्रीन रिव्हर (एक्झिट १६०) या १०४ मैलांत इंटरस्टेटवरही पंप नाही.

साधा नियम असा की टोरी आणि हँक्सव्हिल या दोन्ही ठिकाणी काटा कुठेही असो, टाकी भरून घ्या. हँक्सव्हिलहून दक्षिणेला स्टेट रूट ९५ ने ब्लँडिंगकडे जाणार असाल तर याला अपवाद नाही, ते शंभराहून जास्त मैल जवळजवळ निर्मनुष्य आहेत.

पंपावर आणखी एक गोष्ट बघा. युटात सगळ्यात स्वस्त ‘रेग्युलर’ बहुधा ८५ ऑक्टेनचं असतं. उंचीवर हवा विरळ, म्हणून जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनांना ते चालून जायचं. आजच्या गाड्यांच्या पेट्रोलच्या झाकणावर कमीत कमी ८७ लिहिलेलं असतं, टर्बो असेल तर नक्कीच. ८७ किंवा ८८ चं बटण दाबा. एका टाकीला दोन-चार डॉलर जास्त जातील. आणि नळीच्या हिरव्या मुठीवरून अंदाज करू नका. बऱ्याच ठिकाणी हिरवं म्हणजे डिझेल, पण सगळीकडे नाही. लेबल वाचा.

दोन लेनवर ओव्हरटेक कधी करायचा?

मधली रेघ पिवळी असेल तर पलीकडची वाहतूक समोरून येणारी आहे. तुमच्या बाजूची रेघ तुटक असेल तर ओव्हरटेक चालतो, अखंड असेल तर नाही. दोन्ही अखंड असतील तर कोणालाच नाही.

आता हिशोब. पुढे ५५ च्या वेगाने मोटरहोम चालली आहे आणि तुम्ही ६५ ने तिला ओलांडताय. फरक फक्त १० चा, म्हणजे सेकंदाला जेमतेम १५ फूट. मागचं अंतर, तिची लांबी आणि पुढे सुरक्षित येण्याची जागा मिळून २०० फूट धरले तर १४ सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही १,३०० फुटांहून जास्त पुढे जाता आणि समोरचाही तेवढाच जवळ येतो. म्हणजे निदान अर्धा मैल रस्ता मोकळा दिसायला हवा. फ्रीमॉन्टच्या दरीत एवढा सरळ पट्टा मिळत नाही. केनव्हिलच्या पुढे मिळतो. तोपर्यंत दम धरा.

अपघाताची एक वेगळी तऱ्हाही इथे दिसते. फोटोसाठी डावीकडच्या थांब्यावर वळायला तुम्ही गाडी हळू करता. मागच्याला वाटतं तुम्ही रेंगाळताय, आणि तो डावीकडून ओव्हरटेकला निघतो नेमका तुम्ही वळता तेव्हा. म्हणून इंडिकेटर खूप आधी द्या, ब्रेकचा दिवा दोन-तीनदा दाखवा आणि वळण्यापूर्वी आरसा व डावा खांदा दोन्ही बघा. मागे रांग असेल तर सरळ पुढे जा, सुरक्षित जागी वळून परत या आणि उजव्या हाताने शिरा.

ट्रॅक्टर समोर आला तर?

लोआ ते बिकनेलचं खोरं अल्फाल्फा गवताचं आहे. कापणीच्या दिवसांत गठ्ठे लादलेली वाहनं रस्त्यावर असतात. मागे लाल कडेचा केशरी त्रिकोण दिसला म्हणजे ते वाहन ताशी २५ मैलांच्या आत चालतंय. तुम्ही ६५ वर आणि तो २० वर असेल तर पाव मैलाचं अंतर २० सेकंदांत संपतं. त्रिकोण दिसताक्षणी पाय ॲक्सिलरेटरवरून काढा.

ट्रॅक्टर उजवीकडे सरकला म्हणजे तुम्हाला वाट देतोय असं समजू नका. लांब ट्रेलर घेऊन डावीकडच्या फाटकात शिरायचं तर आधी उजवीकडे सरकावंच लागतं.

गावात वेग किती? आणि शाळेच्या बसचं काय?

मोकळ्या रस्त्यावर साधारण ६५, गावाजवळ तो टप्प्याटप्प्याने उतरत ३५ किंवा त्याहूनही खाली येतो. ‘वेग कमी होणार’ ही आगाऊ पाटी दिसली की लगेच सोडायला लागा. मर्यादेच्या पाटीपाशी पोहोचताना वेग तेवढा झालेला असायला हवा, तिथून सुरुवात करून चालत नाही. पोलीस नेमके तिथेच थांबलेले असतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पलीकडे लोकांची दारं उघडतात.

पिवळ्या बसचे लाल दिवे लागले आणि थांब्याचा हात बाहेर आला की दोन लेनच्या रस्त्यावर दोन्ही दिशांची वाहतूक थांबते. तुम्ही समोरून येत असलात तरी. मूल रस्ता ओलांडून पलीकडच्या घरी जाणार असतं.

आणखी एक: युटात रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ टक्के आहे. इतर राज्यांत ती ०.०८ असते. जेवणाबरोबर बिअर घेतली असेल तर चावी दुसऱ्याकडे द्या.

गुरं आणि हरणं खरंच रस्त्यावर येतात?

येतात. हँक्सव्हिलच्या उत्तरेला मोठा भाग खुल्या चराईचा आहे, कुंपण नाही. रात्री काळी गाय काळ्या डांबरावर उभी असते आणि ती पाठ करून उभी असेल तर तिचे डोळेही चमकत नाहीत. अंधारात ६५ ही परवानगी आहे, सक्ती नव्हे. दिव्यांच्या टप्प्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवा. समोर गाडी नसेल तर अप्पर ठेवा आणि ५०० फुटांवर समोरचा आला की डिपर करा.

खुल्या चराईत गाय मेली तर मालकाकडून भरपाई मिळेलच असं नाही, उलट गायीचे पैसे तुमच्याकडे मागितले जाऊ शकतात. गाडीचं नुकसान विम्याच्या ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ भागातून भरून येतं. भाड्याची गाडी घेताना तो भाग आहे का ते विचारा.

हरणं पहाटे आणि तिन्हीसांजेला, विशेषतः उद्यानातल्या फ्रूटा या जागेच्या फळबागांपाशी आणि घाटात. एक हरीण ओलांडून गेलं की दुसऱ्याची वाट बघा. अंगावर आलंच तर सरळ रेषेत करकचून ब्रेक मारा, स्टिअरिंग झटकू नका. हरणाला धडकून पत्रा चेपतो. झटका दिला तर गाडी उलटते.

वसंतात वर आणि शरदात खाली, असे गुरांचे कळप रस्त्यावरूनच हाकले जातात. कळप दिसला तर चालण्याच्या वेगाने या, हॉर्न अजिबात नको, घोड्यावरचा माणूस हात करेल तिकडून हळूच निघा.

फोनला रेंज नसते म्हणतात. गाडी बंद पडली तर?

गावांत रेंज असते, मधल्या टप्प्यांत धरून चालू नका. निघण्यापूर्वी ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या. गाडीची स्टेपनी आहे का हे डिकी उघडून बघा. हल्ली बऱ्याच गाड्यांत टायरऐवजी चिकट द्रवाची बाटली आणि छोटा पंप दिलेला असतो. टायरची कड फाटली तर त्याचा काही उपयोग नाही.

बंद पडलीच तर पांढऱ्या रेघेच्या शक्य तितक्या बाहेर घ्या, पण बाजूची वाळू मऊ आहे, पूर्ण उतरू नका. सुकं गवत असेल तर त्यावर गाडी उभी करू नका, गरम एक्झॉस्टने पेट घेतं. मग जवळची हिरवी मैलाची पाटी शोधा आणि आकडा लिहून ठेवा. ९११ ला ‘लाल डोंगराजवळ’ सांगून उपयोग नाही, तिथे सगळेच डोंगर लाल आहेत. ‘स्टेट रूट २४, मैल अमुक, हँक्सव्हिलकडे तोंड’ एवढं पुरतं. कॉल लागत नसेल तर ९११ ला मेसेज करून बघा. गाडी सोडून चालायला लागू नका. माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी गाडीत असू द्या.

पावसाळ्यात काय बिघडतं?

जुलै ते सप्टेंबर दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो. तुमच्या डोक्यावर ऊन असताना वीस मैल वर पडलेलं पाणी ओढ्यातून लाल गाळ, दगड आणि लाकडं घेऊन रस्त्यावर येतं. सहा इंच वाहतं पाणी माणसाला पाडतं, एक फूट लहान गाडी वाहून नेतं, दोन फूट बहुतेक सगळ्या गाड्या. पाण्याखाली रस्ता उरलाय का हे वरून कळत नाही. थांबा. असे लोंढे बहुधा काही तासांत उतरतात. उतरल्यावरही डांबरावर राहिलेला गाळ साबणासारखा असतो.

हा रस्ता दरीतून १९६२ मध्ये सुरू झाला. त्याआधी गाड्या दक्षिणेला कॅपिटल गॉर्ज नावाच्या अरुंद घळीतून जायच्या, आणि प्रत्येक पुरानंतर दगड उचलून वाट मोकळी करावी लागायची. ती जुनी वाट आजही उद्यानात पायी बघता येते. भिंतींवर वाटसरूंनी कोरलेली नावं आहेत. तुम्ही आपलं कोरू नका.

बाजूचे कच्चे रस्ते भाड्याच्या गाडीने करता येतील का?

करार वाचा. बहुतेक करारांत कच्चा रस्ता वर्ज्य असतो आणि तिथे काही झालं तर विमा लागू होत नाही. शिवाय केनव्हिलच्या राखाडी-निळ्या टेकड्या बेंटोनाइट मातीच्या आहेत. कोरडी असताना पॉपकॉर्नसारखी भुसभुशीत, ओली झाली की ग्रीस. टायरच्या खाचा एका फेऱ्यात भरतात आणि फोर-व्हील ड्राइव्हचीही चारही चाकं जागीच फिरत राहतात. कॅथीड्रल व्हॅलीच्या एका वाटेवर तर फ्रीमॉन्ट नदी गाडीनेच ओलांडावी लागते. साध्या सेडानला भरपूर पक्क्या रस्त्यावरच बघण्यासारखं आहे. गॉब्लिन व्हॅलीचा फाटा आय-७० पासून २४ मैलांवर आहे आणि तोही पक्का आहे.

रस्त्यावर सैल खडी आणि केशरी पाट्या दिसल्या. काय चाललंय?

उन्हाळ्यात रस्ता-विभाग डांबराचा पातळ थर मारून त्यावर बारीक खडी पसरतो आणि रोलर फिरवतो. त्यामुळे भेगांतून पाणी आत जात नाही आणि हिवाळ्यात ते गोठून रस्ता फुटत नाही. पहिले काही दिवस सुटी खडी उडते आणि काच तडकवते. दिलेला कमी वेग पाळा आणि पुढच्यापासून लांब राहा. एकच लेन सुरू असेल तर ‘पायलट’ गाडीची वाट बघा आणि तिच्या मागेच राहा.

हिवाळ्यात रस्ता बंद असतो का?

सहसा नाही, पण सिगर्ड आणि लोआमधला घाट टोरीपेक्षा फार वेगळा असू शकतो. लोआ सात हजार फुटांवर, हँक्सव्हिल ४,३०० वर. खाली कोरडं आणि वर बर्फ, हे नेहमीचं. निघण्याआधी राज्याच्या रस्ते-ॲपवरचे कॅमेरे बघा. बर्फ ढकलणाऱ्या ट्रकला ओलांडू नका. त्याच्या मागचा रस्ता हा त्या दिवशीचा सगळ्यात चांगला रस्ता असतो.

भारतातून आलेल्या आई-बाबांनी चालवली तर?

भारतीय परवाना बहुधा इंग्रजीत असतो, तरी भाड्याची कंपनी आणखी काय मागते हे आधी विचारा आणि त्यांचं नाव करारात घाला. खरा धोका वेगळा आहे. शहरात बाकीच्या गाड्या बघून माणूस आपोआप उजवीकडे राहतो. हँक्सव्हिलच्या पंपावरून बाहेर पडताना रस्ता रिकामा असतो, आणि तीस-चाळीस वर्षांची सवय हळूच डाव्या लेनमध्ये नेते. शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक थांब्यानंतर ‘उजवीकडे’ मोठ्याने म्हणायचं. समोरच्याने दिवे चमकवले तर तो ‘मी येतोय, सरक’ म्हणत नाही. पुढे गुरं आहेत किंवा तुमचा अप्पर लागलाय, असा अर्थ.

उद्यानाची फी लागते का? खायला काय?

नुसतं २४ वरून आरपार जायला फी नाही. दक्षिणेकडच्या ‘सीनिक ड्राइव्ह’साठी लागते. फ्रूटाचं माहिती केंद्र टोरीपासून ११ मैलांवर, हँक्सव्हिलपासून ३७.

रविवारी या गावांत बरीच दुकानं बंद असतात, वस्ती मुख्यतः मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची आहे. शाकाहारी असाल तर चीज सँडविच आणि बटाटे यांपलीकडे फारशी आशा नको. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दशम्या बांधून घेतलेल्या बऱ्या. मुक्कामी भात लावणार असाल तर कुकर न्या. टोरीच्या उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळतं आणि उघड्या पातेल्यात तांदूळ कच्चा राहतो.

फ्रूटाच्या बागा मात्र चुकवू नका. जूनमध्ये चेरी, मग जर्दाळू, ऑगस्टमध्ये पीच, सप्टेंबरपासून सफरचंदं. झाडावर फळ तोडायला परवानगी असल्याची पाटी असलेल्याच बागेत शिरा. शिडी आणि वजनकाटा तिथेच असतो. वजन करायचं आणि पैसे स्वतःच पेटीत टाकायचे. सुटे डॉलर जवळ ठेवा.